पलतडीचा सूर

वैशाख लागला की आमच्या आळीत दोन वास एकमेकांत मिसळतात. एक आढीतल्या आंब्यांचा आणि दुसरा चिंचेच्या कोळाचा. बँडवाले अंगणात बसून चिंच आणि राख घेऊन आपली वाद्यं घासतात, घासून झाली की उन्हात मांडून ठेवतात, आणि त्या पितळेची तिरीप थेट माझ्या ओटीवर येते. मी करंड्यांत आंबे भरत असते. पेंढा, आंबे, पुन्हा पेंढा. बोट बंदराला लागण्याआधी करंड्या शिवून व्हायला हव्यात, त्यामुळे वसंताची शोभा वगैरे बघायला मला सवड नसते. पण कान काही कामाला बांधलेले नसतात.

परवा दारावरून एक वरात गेली. ट्रम्पेटवाल्यानं टिपेचा सूर घेतला आणि तो मधेच फाटला, जुनं लुगडं खिळ्याला अडकून फाटावं तसा. माझ्याबरोबर आंबे भरायला बसलेली शेजारीण म्हणाली, "दम कमी पडला गो मेल्याचा."

"दम जास्त झाला," मी म्हटलं. "दाबतोय तो."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी बोटीच्या कप्तानाला वाट दाखवली. पण मला हे ठाऊक आहे. एका उन्हाळ्यात हे सगळं शिक्षण माझ्या ओटीवर, माझ्या कानाशी आणि माझ्या कामाच्या वेळात झालेलं आहे.

त्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. सखाराम म्हणजे माझे धाकटे दीर, मी त्यांना भावोजी म्हणते, तेव्हा रघू मास्तरच्या बँडात दुसऱ्या जागेवर ट्रम्पेट वाजवायचे. दुसऱ्या जागेवरचा माणूस खालचे सूर धरून ठेवतो; नाव होतं ते पहिल्याचं. फाल्गुनात पहिला वाजवणारा मुंबईला निघून गेला आणि त्याची जागा भावोजींकडे आली. जागा म्हणजे टीप, चालीतला सगळ्यात वरचा सूर. त्या काळी प्रत्येक लग्नात नाटकातल्या पदांच्या चाली वाजायच्या, आणि प्रत्येक चालीच्या शेवटी ट्रम्पेटनं एकदा टिपेला जाऊन यायचं, अशी पद्धत पडली होती. टीप लागली की लोक खूश. नाही लागली तर नवरीकडचे लोक आठ दिवस बोलणार.

रघू मास्तरनं स्पष्ट सांगितलं होतं, "वैशाखातलं बंदरावरचं लग्न होईस्तोवर बघतंय. टीप आली तर हा ट्रम्पेट तुझ्याकडे. नायतर झांजा घे नि मागे उभा ऱ्हा." वाद्य बँडाचं होतं. भावोजींचं फक्त तोंड. पण त्या वाद्यावर त्यांचा जीव असा होता की जेवतानाही ते नजरेसमोर लागायचं. आमच्या घरातले पुरुष पिढ्यान् पिढ्या माडावर चढणारे, माडी काढणारे. भावोजीही चढायचे आणि चांगले चढायचे. त्यांना दुसरं काही येत नव्हतं असं नाही. त्यांना दुसरं काही नको होतं.

सासूबाई त्या वाद्याला टरपेट म्हणायच्या. "ह्या टरपेटाक जेवू घाल आधी," असं म्हणून ताट सरकवायच्या.

तर भावोजी टिपेची तयारी करू लागले. ती बघण्यासारखी होती. खालचे सूर सरळ उभं राहून यायचे. मग चाल वर जाऊ लागली की टाचा उचलायच्या. मग खांदे कानांपाशी. भुवया केसांत. मान ताणलेली, शिरा दोरखंडासारख्या, चेहरा पिकल्या रातांब्यासारखा लाल, आणि दोन्ही हातांनी ते पितळ ओठांवर असं आवळलेलं की जणू सुटलं तर ते खाली पडतील. आळीतली माणसं दगडी गडग्याशी उभी राहून बघायची. "काय ताकद आहे!" सूर कधी यायचा, कधी नुसती वाफ. आणि ओठ! वरच्या ओठावर, ट्रम्पेटला जिथे तोंड लावतात त्या वाटीच्या कडेचा गोल वळ उठला होता, आतून दात रुतून कापलं होतं. मी सकाळी तूप द्यायची. संध्याकाळी ते तूप पुसून पुन्हा तेच.

"भावोजी, तो ओठ आहे, उखळ नाही," मी एकदा म्हटलं.

"वयनी, वरचा सूर हाय. वर जायला जोर लागतो."

मला ते पटलंसुद्धा. वर जायला जोर लागतो हे आमच्या घरात कोण नाकारणार?

नाकारणारा समोरच्या बिऱ्हाडात राहत होता. पास्कू मेस्त. गोव्याचा. तरुणपणी मुंबईत मोठमोठ्या हॉटेलांत ट्रम्पेट वाजवायचा. पुढचे दात पडले तसं वाजवणं संपलं आणि तो नाटक मंडळ्यांच्या पेट्या दुरुस्त करत गावोगाव फिरू लागला. त्या वर्षी तो रत्नागिरीत होता. आमच्या ओटीवरचा आरडाओरडा त्यानं बरेच दिवस सोसला असावा. एका सकाळी हातात पेटीचा भाता तसाच घेऊन रस्ता ओलांडून आला आणि भावोजींसमोर उभा राहिला.

"खंय चडटा रे तू?" कुठे चढतोस म्हणून विचारलं.

भावोजींनी ट्रम्पेट खाली घेतलं. "टिपेला."

"टीप खंय आसा?"

भावोजींनी बोट वर केलं. पास्कूनं बोटाच्या रोखानं आढ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "थंय पाल आसा."

मी आंबे टाकून हसले. भावोजींना राग आला. पण पास्कू थट्टा करत नव्हता. तो भाता खाली ठेवून ओटीच्या कडेला बसला आणि त्यानं जे सांगितलं ते मी तेव्हापासून अनेक गोष्टींना लावून बघितलं आहे. तो म्हणाला, तुम्ही लोक सूर चढवता म्हणता, टिपेला नेता म्हणता, म्हणून तुझं अंग चढायला लागतं. हा माड नाही. माडावर पकड सुटली तर माणूस मरतो, इथे पकड आवळली तर सूर मरतो. ओठ थरथरला तर सूर निघणार. त्याच्यावर तू पितळेचा धोंडा ठेवतोस, मग तो थरथरणार कसा? आणि शेवटी खाडीच्या दिशेनं हात करून म्हणाला, "सूर वयर ना. सूर पलतडी."

पलतड म्हणजे खाडीचा पलीकडचा काठ. हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको होतं. माझं माहेर भाट्याच्या खाडीच्या पलतडीला. माहेरी जायचं तर अलतडीला उभं राहून तरीवाल्याला हाक मारायची. पुरुष छाती फुगवून "अरे एऽऽ" करून ओरडतात; तो आवाज जाडा, रुंद, अर्ध्या पाण्यात बुडतो, आणि तरीवाला आपला विडी ओढत बसलेला. बायका तशी हाक मारत नाहीत. डोक्यावर मासळीची पाटी असताना छाती फुगवता येत नाही. त्या बारीक, लांब, शेवटी ईकारात नेलेली हाक सोडतात: "हूऽऽईऽऽ". मान हलत नाही, पाटी हलत नाही, आणि पलीकडे तरीवाला लगेच वल्ह्याला हात घालतो.

पास्कूनं मला विचारलं, "बाय, तू हाक कशी मारता?" मी करंडी शिवता शिवता मारून दाखवली. पाळण्यातलं माझं धाकटं मूल जागं झालं. "बघ," पास्कू भावोजींना म्हणाला, "तिका घाम आयला?"

तिथून खरा उन्हाळा सुरू झाला.

पहिलं काम त्यानं केलं ते ट्रम्पेटला फाशी देण्याचं. ओटीवरच्या तुळईला काथ्याची दोरी बांधली आणि त्या दोरीला ते वाद्य आडवं टांगलं, तोंडाच्या उंचीवर. भावोजींनी हात पाठीमागे बांधायचे आणि नुसते ओठ टेकवून फुंकायचं. जरा दाबलं की वाद्य झोका घेऊन लांब. पुन्हा परत येऊन नाकावर. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "काय मेला पोरखेळ! आता ह्याक नि टरपेटाक दोघांक पाळण्यात घाला." आळीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. भावोजी मात्र हात मागे बांधून उभे. झोका घेणाऱ्या पितळेपाशी ते इतक्या हळू जायचे, की दूध पिणाऱ्या मांजराजवळही माणूस तसं जात नाही.

मग ओठ. ओठ ताणून हसायचं नाही, पुढे काढून चुंबन घेतल्यासारखंही करायचं नाही. पास्कूनं आपल्या कमरेची पानाची चंची काढली, तिची दोरी ओढली. तोंड मिटलं, कडा आत गोळा झाल्या, पण मधलं कापड सैलच राहिलं. "अशें. कोपरे घट्ट, मधें सैल." पान खाणाऱ्याच्या घरात हा धडा कळायला वेळ लागला नाही.

मग जीभ. खालच्या सुराला आत "आ" म्हणायचं, वरच्याला "ई". जीभ मागून उचलली की वाट अरुंद होते आणि तेवढाच वारा जास्त वेगानं धावतो. हे मला बागेच्या पाटामुळे समजलं. पाट रुंद केला तर पाणी लोळतं, बांध आत घेतले तर तेच पाणी पळतं. विहिरीतून जास्त उपसावं लागत नाही. श्वास घ्यायचा तो खाली, धोतराच्या गाठीपाशी भरायचा, खांदे जागेवर ठेवून. आणि सगळ्यात अवघड म्हणजे वरचे सूर हळू वाजवायचे. जोरानं कोणीही काढेल. हळू काढ, म्हणजे खरा आहे का कळेल. त्याचं माप म्हणून पास्कूनं माझा पाळणा ठरवला. टीप वाजली पाहिजे आणि पोर उठता कामा नये. या नियमाला माझी काहीच हरकत नव्हती.

जितका वेळ वाजवायचं तितकाच वेळ गप्प बसायचं हाही त्याचा नियम. ओठ म्हणजे मांस. मांसाला विसावा लागतो. भावोजी वाजवून झाले की गुडघ्यावर हात ठेवून बसायचे. सासूबाईंना हे अजिबात सहन होत नव्हतं. "अर्धा वेळ बसतंय. शिकतंय कधी?"

मी तेव्हा मनात म्हटलं होतं, हे आपल्या ओळखीचं आहे. सासूबाई अशाच माझ्या कामाकडे बघायच्या. भात कांडताना मी मुसळ वर नेईपर्यंतच जोर लावायची, खाली ते आपल्या वजनानं येतं. माझं कांडण आधी व्हायचं आणि अंगाला घाम नसायचा, म्हणून माझं कांडण कमी. जाऊबाई धापा टाकत, केस सुटलेले, "माझी बाय राबते हो" असं त्यांचं कौतुक. आपल्याकडे काम हाताचं मोजत नाहीत, कपाळाचं मोजतात. अजूनही. माझी सून चुलीशी गाणं गुणगुणते तेव्हा माझ्याच तोंडात सासूबाईंचे शब्द येतात, मी ते गिळते.

पण त्या उन्हाळ्यात मधे एक वाईट काळ आला. जुनी रीत सुटली आणि नवी हाताला लागेना. टीप तर गेलीच, तिच्या खालचे सूरही पातळ, हवा मिसळलेले येऊ लागले. ओठावरचा वळ मावळला होता, तूप लागत नव्हतं, पण वाजत काहीच नव्हतं. रघू मास्तर एकदा ऐकायला आला. ओटीवर उभ्याउभ्यानं ऐकलं आणि म्हणाला, "हा ट्रम्पेट हाय की डास? सख्या, आठवड्यावर लगीन आलं. झांजा घासून ठेवतंय मी."

तो गेल्यावर भावोजींनी दोरी सोडली, ट्रम्पेट दोन्ही हातांत धरलं, टाचा उचलल्या. मला माहीत होतं, दाबून एक दिवस टीप काढता आली असती. बंदरावरच्या लग्नापुरता ओठ फाडून घ्यायचा, मग पुढचं पुढे. ते तसेच उभे राहिले. समोरच्या ओटीवर पास्कू पेटीच्या पट्ट्या पुसत होता. त्यानं मान वर केली नाही. भावोजींच्या टाचा खाली आल्या. त्यांनी दोरी पुन्हा बांधली.

माणसं एकदम मोठा पराक्रम करतात त्याचं मला फार वाटत नाही. हाताला सवय असलेली चूक हातातून काढून टाकणं, आणि तीही लोक हसत असताना, हे मी फार थोड्यांना जमलेलं बघितलं आहे. त्या दिवशी दोरीची गाठ मारणारे ते हात मला आजही चांगले आठवतात. चढायचे घट्टे होते त्या हातांवर.

टीप आली ती कोणाच्या ध्यानीमनी नसताना. दुपारची वेळ, आळी झोपलेली, मी पेंढा झाडत होते. ओटीवरून काहीतरी आलं. आधी मला वाटलं, लांब बंदरावर कोणी शीळ घालतंय. मग कळलं की ती ओटीवरच आहे. बारीक, गोल, न हलणारी. मी पाळण्याकडे बघितलं. पोर झोपलेलं. भावोजींनी डोळे मिटलेले, हात पाठीशी, आणि दोरीवरचं ट्रम्पेट जागच्या जागी स्थिर. समोरून पास्कूनं एवढंच विचारलं, "कोण हाक मारता थंय?"

बंदरावरच्या लग्नाला मी होते, कारण माझ्या करंड्या त्याच बोटीनं जायच्या होत्या. मुंबईहून नवऱ्याचं वऱ्हाड आलं. बोट लांब उभी, माणसं पडावांतून किनाऱ्याला येत होती. समुद्र लागून हिरव्या पडलेल्या मावश्या, ट्रंका, जरीच्या टोप्या. धक्क्यावर बँड उभा. पुढे भावोजी, त्यांच्या शेजारी दुसऱ्या जागेवर नवीन घेतलेला एक धिप्पाड गडी. चाल सुरू झाली. ती वर जाऊ लागली तसे भावोजींचे खांदे हलताना मला दिसले, कानांकडे निघालेच होते. मी करंडीची दोरी हातात आवळून धरली. मग खांदे खाली आले, हळूच, कोणी हात ठेवल्यासारखे. आणि टीप निघाली. पाण्यावरून सरळ गेली. लांबच्या पडावातल्या लोकांनी एकदम माना वळवल्या. एका खलाशानं वल्हं थांबवलं. खरोखर पलतडीला पोचली ती.

आणि मग जे झालं ते फक्त आपल्याकडेच होऊ शकतं. नवरीचे मामा शेला आणि नारळ घेऊन पुढे आले आणि त्यांनी ते त्या धिप्पाड गड्याच्या हातात दिले. तो गडी गाल फुग्यासारखे फुगवून, डोळे बाहेर काढून, घामाच्या धारा लावून आपले खालचे सूर धरत होता. "काय छाती आहे राव!" मामा म्हणाले. भावोजींकडे बोट करून त्यांनी मास्तरला विचारलं, "आणि हा काय करतो? नुसता धरून उभा राहतो?" त्या गड्यानं बक्षीस खुशाल घेतलं. त्याला खरंच वाटलं असेल, की टीप आपणच काढली.

रघू मास्तर मला वाटलं होतं तेवढा बहिरा नव्हता. परत येताना तो भावोजींना म्हणाला, "टीप आली. मी ऐकली. पण लोकांना दिसली नाय." आणि डोकं खाजवत, "लग्नात कान घेऊन कोण येतो, सख्या? डोळे घेऊन येतात. अशानं मला बक्षीस कोण देणार?" झांजांचं नाव त्यानं काढलं नाही, पण ट्रम्पेट तुझं असंही म्हणाला नाही. पुढच्या लग्नाला बघू म्हणाला.

भावोजी घरी येऊन जेवले नाहीत. झालेलं सगळं ऐकल्यावर पास्कू इतका हसला की त्याच्या बोळक्या तोंडातून शिट्ट्या निघाल्या. मग डोळे पुसून म्हणाला, "आरे, तांकां घाम जाय? दी. सुराक दिवं नाका." लोकांना घाम हवा तर घाम दे, सुराला देऊ नकोस.

पुढचं लग्न आमच्याच आळीत होतं. चाल सुरू झाली आणि पहिल्याच खालच्या सुराला, जो भावोजी झोपेतही वाजवतील, त्यांनी टाचा उचलल्या. खांदे वर. गाल फुगवले. भुवया, मान, शिरा, सगळं. पोरं टाळ्या पिटू लागली, म्हातारे "वा रे बहाद्दर" म्हणाले, सासूबाईंनी पदराला डोळे लावले. रघू मास्तरच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की तो आता भावोजींकडून ट्रम्पेट परत मागणार नाही हे मला तिथेच कळलं. मग चाल शेवटाकडे आली. भावोजींनी टाचा टेकल्या, खांदे सोडले, चेहरा अंघोळ करून आल्यासारखा निवळला, आणि त्यांनी हळूच ओठ टेकवले.

माझ्या शेजारी उभी असलेली एक बाई कळवळून म्हणाली, "दमला गो बिचारा. जरा इसावा घेतोय बघ."

तेव्हा टीप चालू होती.